राजकारणातली बुवाबाजी

पत्र:

"मी मूळची नाशिकची, सध्या इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. एमएस्सीसाठी इकडे आला, मग लंडनला सॉफ्टवेअर कंपनीत लागला. व्हिसा नोकरीवरचाच आहे. दोन वर्षांपूर्वी घरभाडेवाढीच्या विरोधातल्या एका मोहिमेत तो जायला लागला आणि तिथून एका अगदी छोट्या डाव्या पक्षात शिरला. सगळे मिळून शंभर-सव्वाशे लोक असतील. आता तो पक्षाच्याच चौघांबरोबर राहतो, अर्ध्याहून जास्त पगार पक्षाला देतो, शनिवारी स्टेशनाबाहेर पक्षाचं साप्ताहिक विकतो आणि रविवारी सगळे मिळून नेत्याचं भाषण ऐकतात. नेता सत्तरीचा, गेली तीस-पस्तीस वर्षं तोच. बाबांची बायपास झाली तेव्हा हा चार दिवस नाशिकला आला, तेही ब्रँच सेक्रेटरीची परवानगी घेऊन. यंदा गणपतीला फिरकला नाही. काही विचारलं की 'तुमची मध्यमवर्गीय मानसिकता' एवढंच उत्तर. मागच्या महिन्यात पक्ष सोडलेल्या एका बाईने मला फेसबुकवर मेसेज केला, की हा पक्ष नाही, कल्ट आहे, एका माणसाच्या मुठीतला पंथ, भावाला सोडवा. त्याला ते सांगितलं तर म्हणाला, ती फितूर आहे, पोलिसांची माणूस आहे. आठ दिवस फोन उचलला नाही. मग स्वतःहून फोन आला तो तीन हजार पौंड उसने मागायला. नोकरी सोडून पूर्णवेळ काम करायचंही त्याच्या मनात आहे. मामा म्हणतो, दोघा-तिघांनी जाऊन गाडीत घालून आणा. बाबा आयुष्यभर एसटीच्या कामगार संघटनेत होते; त्यांना यातलं काही माहीत नाही, उलट पोरगा आपल्या वळणावर गेला म्हणून खूश आहेत. हा खरंच कल्ट आहे का? पोलिसांत जाऊ का? बाबांना सांगू का? पैसे देऊ का?"

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका पत्रावरून देणं मला जमणार नाही, कोणाला जमूही नये. पक्षाचं नाव तुम्ही कळवलंत, ते मी मुद्दाम छापत नाही. पक्ष सोडलेली एक बाई आणि काळजीत पडलेली एक बहीण एवढ्या भांडवलावर जाहीर निकाल देता येत नाही. पण लक्षणं ओळखता येतात, आणि तुमच्या पत्रात त्यातली दोन-तीन आहेत. फक्त तुम्ही ज्यांना घाबरलात, ती ही नव्हेत.

पेपर विकणं, पगार देणं, पाच जणांनी एका घरात राहणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. १९४० च्या दशकात मुंबईत सँडहर्स्ट रोडजवळ कम्युनिस्ट पक्षाचं कम्यून होतं. पूर्णवेळ कार्यकर्ते, लेखक, कलावंत तिथे एका पंगतीला जेवत आणि पक्षाचे अंक रस्त्यावर उभं राहून विकत. आपल्याकडे होलटायमर, म्हणजे पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता, हा शब्द गिरणगावात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. तुटपुंज्या मानधनावर संसार केलेली ती माणसं होती. पुढे त्यातली कितीतरी पक्षाशी भांडली, फुटली, नवे पक्ष काढून बसली. त्यांना कोणी बुवाच्या नादी लागलेलं म्हटलं नाही. वेळ, पैसा आणि झोप एखाद्या कामाला देणं हा सत्ताविसाव्या वर्षी गुन्हा नाही. नंतर ते कोणी देत नाही, हीच खरी तर अडचण.

मला खटकलं ते वेगळंच. वडिलांच्या ऑपरेशनला जायला परवानगी लागली, हे एक. पक्ष सोडणारी बाई एका क्षणात फितूर झाली, हे दुसरं. आणि पस्तीस वर्षांत त्या नेत्याला एकदाही बदलावं असं शंभर माणसांपैकी कोणालाच वाटलं नाही, किंवा वाटलं त्यांची पुढे गाठ पडत नाही, हे तिसरं.

भगवी कफनी घातलेला बुवा आपण लांबून ओळखतो. महाराष्ट्रात त्याच्यासाठी २०१३ पासून कायदाही आहे. चष्मा लावून मार्क्सचे खंड उघडून बसलेला बुवा ओळखायला वेळ लागतो, कारण तो चमत्कार करत नाही, युक्तिवाद करतो. त्याच्याकडे जाणारी पोरंही भोळी नसतात. उलट ज्यांना जगातला अन्याय खरोखर टोचतो आणि जी वाचतात, तीच तिथे जातात. त्यामुळे भावाला "तू मूर्ख आहेस का" हे विचारणं आधी बंद करा. तुम्ही विचारलं नसेल, पण मामाने विचारलं असेल अशी माझी खात्री आहे.

विचारसरणीत उत्तर शोधू नका, हेही आताच सांगते. अमेरिकेतला लिंडन लारूश १९६० च्या दशकाच्या अखेरीस डाव्या विद्यार्थ्यांचा गट जमवून निघाला आणि काही वर्षांत पार दुसऱ्या टोकाला जाऊन पोचला. त्याच्यामागे असलेल्यांपैकी बरेच जण त्याच्याबरोबर तिकडे गेले. १९७६ पासून २००४ पर्यंत तो आठ वेळा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरला, त्यातली एक वेळ तुरुंगातून. काल ज्याला शत्रू म्हणायचं त्याला आज मित्र म्हणायला माणसं तयार होतात, तेव्हा ती विचाराच्या मागे नसतात, माणसाच्या मागे असतात.

आता इंग्लंडचंच उदाहरण घेते, कारण भावाच्या पक्षातल्या जुन्या मंडळींना ते पाठ असणार. वर्कर्स रिव्होल्यूशनरी पार्टी, स्थापना १९७३, नेता जेरी हीली. ट्रॉट्स्कीवादी पक्ष, म्हणजे स्टालिनच्या विरोधात गेलेल्या ट्रॉट्स्कीला मानणारा; सभासद थोडे, पण स्वतःचं दैनिक चालवायचे. व्हेनेसा रेडग्रेव्हसारखी जगप्रसिद्ध नटी आणि तिचा भाऊ कोरिन त्या पक्षात होते. १९७९ च्या निवडणुकीत त्यांनी ६० उमेदवार उभे केले, निवडून कोणीच आलं नाही. रोजचा अंक विकायचा, वर्गणी गोळा करायची, सभा घ्यायच्या, आणि क्रांती अगदी दाराशी येऊन ठेपली आहे म्हणून दमायलाही सवड नाही. डर्बीशायरमध्ये व्हाइट मेडोज नावाच्या मोठ्या घरात त्यांची शिबिरं भरत. १९७५ मध्ये ऑब्झर्वर या वर्तमानपत्राने तिथल्या वागणुकीबद्दल बातमी छापली, पोलिसांनी घरावर छापा घातला. पक्षाच्या मंडळींनी वर्तमानपत्रावर बदनामीचा खटला भरला आणि तो हरले.

मग पक्ष मोडला का? अजिबात नाही. छापा पडला म्हणजे सरकार आपल्याला घाबरतं, बातमी आली म्हणजे भांडवलदारांची वर्तमानपत्रं आपल्यावर उठली आहेत. आत असलेला कार्यकर्ता आणखी आत सरकला. पक्ष मोडला दहा वर्षांनी, आणि आतून. १ जुलै १९८५ रोजी हीलीची अनेक वर्षांची सेक्रेटरी आयलीन जेनिंग्ज हिचं पत्र पक्षाच्या राजकीय समितीपुढे वाचलं गेलं. हीलीने पक्षातल्या २६ स्त्रियांचा आपल्या पदाच्या जोरावर लैंगिक गैरफायदा घेतला, असा आरोप त्यात होता. ऑक्टोबरमध्ये हीलीला पक्षातून काढलं आणि पक्षाची शकलं झाली. रेडग्रेव्ह भावंडं हीलीच्याच बाजूने राहिली. त्या गोटाने हे सगळं पक्षाविरुद्ध रचलेलं कुभांड मानलं.

ताई, बाहेरून एवढा मोठा हल्ला होऊन जे झालं नाही, ते आतल्या एका बाईच्या पत्राने झालं. मला तुम्हाला जे सांगायचं आहे, ते जवळपास सगळं यात आलं.

"पोलिसांची माणूस" या शब्दांवर मात्र हसू नका, कारण भावाची शंका हवेतली नाही. लंडनच्या पोलिसांचं एक गुप्त पथक १९६८ पासून २००८ पर्यंत खोट्या नावांनी राजकीय संघटनांमध्ये माणसं घुसवत होतं. हजाराहून अधिक संघटनांवर अशा गुप्त पोलिसांनी पाळत ठेवली, त्यात बहुतेक डाव्या. काही हेरांनी कार्यकर्त्या स्त्रियांबरोबर वर्षानुवर्षं खोट्या नावाने संसार थाटले. २०१५ पासून त्याची सरकारी चौकशी चालू आहे. तेव्हा "असं काही नसतं रे" म्हणालात तर त्याला वाटेल, हिला काही माहीत नाही, आणि ते बरोबरच असेल. तुमचा प्रश्न असा असू द्या: हेर घुसतात हे खरं, मग ही बाई हेर आहे हे पक्षाने कशावरून ठरवलं? ती हेर आहे असं पक्ष म्हणायला लागला तो ती आत असताना, की सोडून गेल्यानंतर? तारीख विचारा. वाद घालू नका, तारीख विचारा आणि गप्प बसा.

ज्या उदाहरणाने माझं मत पक्कं झालं ते अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७४ मध्ये डेमोक्रॅटिक वर्कर्स पार्टी निघाली. स्थापना करणाऱ्या बहुतेक बायका, स्त्रीवादी आणि मार्क्सवादी. नेतृत्व मार्लिन डिक्सनकडे. ही साधीसुधी बाई नव्हे. समाजशास्त्राची प्राध्यापक, १९६९ मध्ये शिकागो विद्यापीठाने तिला पुढे नेमायचं नाकारलं तेव्हा विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी विद्यापीठाच्या इमारतीत ठिय्या दिला होता. तिच्या पक्षात सभासदाला नवं नाव मिळायचं. पगारातून पोटापुरतं ठेवून बाकी पक्षाला. दिवसाचे तास मोजायचे नाहीत. टीका आणि आत्मटीकेच्या बैठका तासन्‌तास चालायच्या, आणि टीका नेहमी वरून खाली यायची, खालून वर कधी जायची नाही. पक्ष सोडणाऱ्याशी बोलणं बंद.

दहा-अकरा वर्षं असं चाललं. १९८५ च्या अखेरीस डिक्सन बाहेरगावी होती. तेवढ्यात वरच्या फळीतली माणसं आपसात बोलायला लागली, आधी दबकत, मग मोकळेपणी, आणि कळलं असं की प्रत्येकाच्या मनात त्याच शंका वर्षानुवर्षं होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, कमकुवत आपण एकटेच, बाकी सगळे पक्के. सभासदांनी मतदान करून डिक्सनला काढलं आणि पक्षच बरखास्त केला. त्या पक्षात दहा वर्षं राबलेली यान्या लालिच पुढे समाजशास्त्राची प्राध्यापक झाली आणि हुशार माणसं अशा जागी का अडकतात, हाच तिच्या अभ्यासाचा विषय झाला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आत गेलेल्या माणसाची निवड करण्याची शक्ती संपत नाही; निवडीचं रिंगणच इतकं आवळलं जातं की पक्षाला हवं तेच त्याला स्वतःचं वाटतं.

तुमच्या भावालाही शंका असतील. बापाला बायपास झाल्यावर सेक्रेटरीपुढे रजा मागायला उभं राहताना माणसाच्या पोटात काही होत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. पण ती शंका बोलायला त्याच्याकडे माणूस नाही. घरातले चौघं पक्षाचे, मित्र पक्षाचे, बहिणीशी बोलावं तर बहीण म्हणणार, "बघ, मी सांगत होते ना!" हे वाक्य तुम्ही गिळून टाका. ओठांवर येईल, तरी गिळा. तो एक दिवस अर्धवट काहीतरी बोलेल, कुणा कॉम्रेडवर झालेल्या अन्यायाबद्दल किंवा नेत्याच्या एखाद्या विचित्र वाक्याबद्दल, तेव्हा टाळ्या पिटू नका. "मग तू काय म्हणालास?" एवढंच विचारा.

मध्यमवर्गीय मानसिकतेचा टोमणा मनाला लावून घेऊ नका. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात चीनमधल्या विचारसुधारणेच्या तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्याच्या लक्षात आलेल्या गोष्टींपैकी एक ही, की अशा ठिकाणी ठरावीक तयार वाक्यं असतात आणि ती उच्चारली की पुढचा विचार तिथेच थांबतो. तुमच्या भावाचं हे वाक्य त्या जातीचं आहे. त्याला उत्तर नसतं, म्हणून उत्तर देऊ नका. घरभाड्यावर बोला. तो ज्या कामासाठी घराबाहेर पडला ते काम खरं होतं. लंडनची भाडी खरोखरच माणसाला पिळतात. त्या मोहिमेचं काय झालं, किती भाडेकरूंची घरं वाचली, पक्ष तिथे अजून जातो का, की आता फक्त पेपर विकतो? याचं उत्तर देताना तो स्वतःच दोन गोष्टी ताडून पाहील. माझा अंदाज आहे की मोहीम केव्हाच मागे पडली असेल. अशा पक्षांत मूळ काम फार लवकर आटतं आणि उरते ती फक्त पक्षाची देखभाल.

फेसबुकवरच्या बाईला भेटा. जमलं तर समोरासमोर, नाहीतर फोनवर. पण तिचा निरोप भावाकडे पोचवणं थांबवा. तुम्ही एकदा पोचवलात आणि आठ दिवस गमावलेत. ती कडवट असेल, आणि कडवट असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. तिला मतं विचारू नका, घटना विचारा. सोडली त्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, तिचे पैसे परत मिळाले का, पावती होती का, तिच्या नोकरीच्या ठिकाणी कोणी फोन केला का. पक्षाने तिला कागदपत्रं किंवा फोटो दाखवून धमकावलं असेल, तर ती गोष्ट वेगळी आणि गंभीर.

बाकीची माहिती सरळ मार्गानेही मिळते. पक्ष निवडणूक लढवत असेल तर इलेक्टोरल कमिशनकडे, म्हणजे तिकडच्या निवडणूक आयोगाकडे, त्याची नोंदणी असणार. नोंदणी असलेल्या पक्षाला दरवर्षी हिशोब द्यावे लागतात आणि ते कोणालाही बघायला मिळतात. भावाचा अर्धा पगार कुठे जातो याचा अंदाज त्यातून येईल. नोंदणीच नसेल आणि हिशोब सभासदांनाही कोणी दाखवत नसेल, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराकडे तुम्ही एक पाऊल गेलात असं समजा. शिवाय लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये इन्फॉर्म नावाची संस्था आहे. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ती १९८८ मध्ये सुरू केली. काम मुख्यतः नव्या धार्मिक पंथांवरचं, पण अशा चौकशांची त्यांना सवय आहे आणि ते कोणाची बाजू घेत नाहीत. कुटुंबीयांसाठी फॅमिली सर्व्हायव्हल ट्रस्ट आहे. ती मंडळी तुमच्यासारख्या लोकांशीच बोलतात, आणि बहुतेकांनी स्वतः हे भोगलेलं आहे.

मामाबद्दल. मामाला माझा नमस्कार सांगा आणि त्याला नाशिकलाच राहू द्या. गाडीत घालून आणायचा उद्योग अमेरिकेत १९७० च्या दशकात फार झाला. टेड पॅट्रिक नावाचा माणूस आईबापांकडून पैसे घेऊन पंथांत शिरलेल्या त्यांच्या सज्ञान मुलांना उचलून आणायचा, खोलीत कोंडून दिवसचे दिवस "दुरुस्त" करायचा. काही मुलं सुटली, काही पहिल्या संधीला पळून परत पंथात गेली आणि आईबापांचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. पॅट्रिकला अपहरणाच्या गुन्ह्यात तुरुंगाची हवा खावी लागली. तुम्ही उचलून आणलंत तर भावाच्या पक्षाला वर्षभर पुरेल एवढा मजकूर मिळेल, आणि इंग्लंडमध्ये तुमच्यावर खटला होईल तो वेगळाच.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठल्या पक्षात राहिला आणि कुठे पैसे दिले तर पोलीस काही करू शकत नाहीत. मनावर ताबा मिळवून छळणं हा इंग्लंडमध्ये २०१५ पासून गुन्हा आहे खरा, पण तो जोडीदार आणि कुटुंबातल्या नात्यांपुरता. पक्षाला आणि पंथाला तो लागत नाही. यावर तिकडे टीकाही होते, आणि माझ्या मते टीका रास्त आहे.

पण पोलिसांना फोन करण्याची वेळ कधी येते, ते सांगायला मला लंडनमधल्या ब्रिक्स्टनची गोष्ट सांगावी लागेल. मन घट्ट करून वाचा. अरविंदन बालकृष्णन, जन्म केरळचा, वाढला सिंगापूरला, १९६३ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आला. परदेशात शिकायला आलेला हुशार मुलगा, वसाहतवादाची खरी चीड असलेला. एका माओवादी पक्षातून १९७४ मध्ये त्याला काढलं, तेव्हा त्याने स्वतःचा गट काढला: वर्कर्स इन्स्टिट्यूट. १९७६ मध्ये ब्रिक्स्टनच्या एकर लेनवर माओचं स्मारक केंद्र उघडलं. चीनचं सैन्य येऊन ब्रिटनला मुक्त करणार, असं तो सांगायचा. सुरुवातीला पंचवीसएक अनुयायी. १९७८ मध्ये पोलिसांचा छापा पडला, केंद्र बंद झालं, पुरुष पांगले. उरल्या मूठभर बायका, आणि त्या एका घरातून दुसऱ्या घरात त्याच्याबरोबर फिरत राहिल्या. चीनची जागा हळूहळू त्याने स्वतः घेतली. जगावर नजर ठेवणारं, आज्ञा मोडणाऱ्याला मारणारं एक अदृश्य यंत्र आपल्या हातात आहे, अशी भीती त्याने त्यांच्या मनात भरली. १९८३ मध्ये त्याला एका अनुयायी बाईपासून मुलगी झाली. तो आपला बाप आहे हे त्या मुलीला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. ती शाळेत गेली नाही. तिची आई १९९६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी घराच्या खिडकीतून पडली आणि पुढच्या वर्षी वारली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या घरातून फ्रीडम चॅरिटी या संस्थेला फोन गेला आणि तीन बायका बाहेर पडल्या. मुलगी तेव्हा ३० वर्षांची होती. बालकृष्णनला २०१५ च्या डिसेंबरमध्ये बलात्कार, मुलीला कोंडून ठेवणं आणि इतर गुन्ह्यांत दोषी ठरवलं, २०१६ च्या जानेवारीत २३ वर्षांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये तो तुरुंगातच वारला.

तुमचा भाऊ तिथे नाही. शनिवारी तो स्टेशनाबाहेर उभा असतो, ऑफिसला जातो, त्याच्याकडे फोन आहे, तो नाशिकला जाऊन परत आला. ब्रिक्स्टनमध्ये हे सगळे धागे एकेक करून तुटले, आणि बाहेर कोणाशी बोलावं असं कोणी उरलंच नाही. म्हणून धाग्यांवर लक्ष ठेवा. पासपोर्ट त्याच्याकडेच आहे ना, की पक्षाने "सांभाळायला" घेतला? डॉक्टरकडे एकटा जातो का? फोनवर बोलताना कोणी शेजारी बसलेलं असतं का? बँकेचं कार्ड कोणाकडे? कोणी मारहाण केली, कोंडलं, पासपोर्ट काढून घेतला, असं कळलं तर त्याच दिवशी पोलिसांना फोन करा, आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या हेल्पलाइनला करा, आणि त्या वेळी भावाला काय वाटेल याचा विचार करू नका.

बाबांना सांगा. लपवलेलं त्यांना बाहेरून कळलं तर बायपास झालेल्या माणसाला ते जास्त लागेल. आणि खरं तर या सगळ्या प्रकरणात तुमच्याकडे सगळ्यात भारी माणूस कोणी असेल तर ते बाबाच. भाऊ तुम्हाला मध्यमवर्गीय म्हणू शकतो. ज्याने एसटीच्या संपात पगार बुडवून घेतला त्या बापाला तो काय म्हणणार? बाबांनी त्याला घरी ये म्हणू नये. त्यांनी कामाचं विचारावं, संघटनेतला माणूस दुसऱ्या संघटनेतल्या माणसाला विचारतो तसं. तुमच्यात कार्यकारिणी कशी निवडतात? हात वर करून की चिठ्ठीने? हिशोब वर्षातून किती वेळा वाचतात? पदाधिकाऱ्यावर अविश्वास आणायचा तर कसा आणतात? आमच्याकडे एकदा कोषाध्यक्षाला भर सभेत खाली बसवलं होतं, असं काही त्यांना आठवतच असेल. ते सांगावं आणि पोराला बोलू द्यावं.

पैसे देऊ नका. लारूश १९८८ मध्ये दोषी ठरला तो विचारांसाठी नव्हे. समर्थकांकडून, त्यात म्हाताऱ्या माणसांकडून बरंच, कर्ज म्हणून पैसे उचलायचे आणि परत करायचे नाहीत, या प्रकरणात त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या भावाला तीन हजार कशाला हवेत हे तुम्ही लिहिलं नाही, बहुधा त्यानेही सांगितलं नसेल. सरळ विचारा. दाताचं काम असेल तर डेंटिस्टचं बिल तुम्ही भरा. पक्षासाठी असेल तर शांतपणे नाही म्हणा, आणि त्याच फोनवर रविवारी जेवायला बोलवा, म्हणजे नकार पैशाला आहे, त्याला नाही, हे कळेल. रविवारी भाषण असेल तर बुधवारी बोलवा.

नोकरीचं मात्र घाईचं आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा मालकाला बांधलेला असतो. राजीनामा दिला की कंपनी गृहखात्याला कळवते, आणि सहसा ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. पक्षाचं मानधन घेऊन त्या व्हिसावर राहता येणार नाही. हे पक्षाच्या सेक्रेटरीला माहीत आहे का, आणि माहीत असून तो पोराला राजीनामा द्यायला सांगतो आहे का, हे भावाला विचारण्यासारखं आहे. राजीनाम्यापूर्वी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला भेट, फी मी देते, असं म्हणा. या कामाला खर्च केलेला पैसा वाया जाणार नाही.

आणि जे तीन हजार तुम्ही देणार नाही आहात, ते खर्चूनही टाकू नका. वेगळ्या खात्यात ठेवा. इंग्लंडमध्ये खोली भाड्याने घेताना पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागतात, वर पहिल्या महिन्याचं भाडं. पक्षाच्या घरातून रात्री बॅग घेऊन निघालेल्या माणसाच्या खिशात ते नसतं, आणि नसतं म्हणून अनेक जण आणखी दोन वर्षं तिथेच राहतात. त्याला एवढंच माहीत असू द्या, की कारण न विचारता ते पैसे आणि रेडिंगचा सोफा त्याचा आहे.